साठच्या कॅसेटमधला ‘जिना’

“बोला भाऊ बिनधास्त. वैनी कुणाला सांगणारेत? त्यांना इथं हाय कोण?”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी स्वयंपाकघरात पोह्यांना झाकण ठेवत होते आणि बाहेर हॉलमध्ये नवऱ्याचे मित्र बसले होते. लग्नानंतरचा दुसरा की तिसरा रविवार असेल. भास्करभाऊ काहीतरी खाजगी सांगता सांगता आतल्या दिशेला बघून थांबले, तेव्हा नरेशनं त्यांना हा धीर दिला. मंगेश, म्हणजे माझा नवरा, हसला नाही, हे त्याचं चांगलं. पण “मी आहे ना तिला” असंही म्हणाला नाही.

नरेश खरं तेच बोलला होता. फलटणहून कर्जतला आले तेव्हा माझ्या ओळखीचं इथं खरोखर कुणी नव्हतं. दहिवलीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सकाळी पनवेलला जाऊन संध्याकाळी परतणारा नवरा, आणि मधला सगळा दिवस. सासू-सासरे गावाकडं, कोंडाणे लेण्यांच्या अलीकडं. सांगायला माणूस नसलं की किस्से साठत जातात. फ्रिजमधल्या वाट्यांसारखे, झाकण लावून एकावर एक. मग एक दिवस दार उघडलं की कुठली वाटी कधीची तेच कळत नाही. त्यातल्या या काही वाट्या.

*

आधी एझ्राबद्दल सांगायला हवं, कारण मंगेश आणि त्याचे तीन मित्र, या चौघांच्या आयुष्यात सगळं एझ्रानंतर येतं.

एझ्रा हा मुंबईतला रॉकवाला. मराठीत गातो. आता सत्तरीकडं झुकलाय, आणि कर्जत-खालापूर पट्ट्यात त्याचे जे काही चाहते आहेत ते बहुतेक सगळे माझ्या हॉलमध्ये बसतात. हे लोक त्याला प्रेमानं ‘म्हातारा’ म्हणतात. म्हाताऱ्यानं उभी हयात एक गोष्ट दुसऱ्यांदा केली नाही. आधी कान फुटतील अशी गिटार वाजवली. मग गिटारच्या तारा काढून मोटरसायकलची क्लच वायर लावली. मग एक अख्खा अल्बम दारांच्या बिजागऱ्यांवर केला, त्याचं नाव ‘गंज’. मग काही वर्षं शब्दच टाकले, नुसतं गुणगुणला. आता बोटं आखडली, तर एकाच बोटानं वाजवून नवा अल्बम काढला. त्यावर नरेश म्हणाला, “बघा, अजून नऊ बोटं शिल्लक ठेवलीत त्यानं.”

चौघांनी एझ्राची वर्षं भावाभावांनी जमीन वाटावी तशी वाटून घेतलीत. भास्करभाऊ वयानं सगळ्यांत मोठे, त्यांचा मंडप, साऊंड आणि दुरुस्तीचा धंदा. त्यांच्याकडं सुरुवातीचा, कान फोडणारा एझ्रा. नरेश खालापूरच्या कारखान्यात फिटर, त्याच्याकडं क्लच वायर आणि बिजागऱ्या. सुनील रेल्वेत. घाट चढताना गाडीला मागून जोर लावायला जी इंजिनं जोडतात, त्यांना इथं बँकर म्हणतात, त्यांवर तो असतो. दिवसभर त्या आवाजात राहून त्याला न बोलणारा एझ्रा आवडतो. आणि मंगेश पनवेलच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर. त्याचा एकच अल्बम, ‘तिसरा मजला’. त्याबद्दल पुढं येईलच, कारण सगळं तिथंच अडकलंय.

*

मंगेश मला बघायला आला तेव्हा आमच्या घरात सगळे मिळून त्याला नोकरी, सुट्ट्या, घर असं विचारत होते. तो दोन-दोन शब्दांत उत्तरं देत होता. मग आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं. मी विचारलं, “तुम्हाला काय आवडतं?” आणि हा माणूस सुटला.

एकदा एझ्रा कर्जत स्टेशनवर उतरला होता. कुणाच्या तरी फार्महाऊसवर चालला असावा. मंगेश समोरच्या बाकावर. डोक्यात पंधरा वर्षांचे प्रश्न. एझ्रा स्वतःहून जवळ आला आणि म्हणाला, “वडा कुठला चांगला?” मंगेशनं बोट दाखवलं. एझ्रा गेला. संपलं.

एवढी गोष्ट सांगायला त्यानं आमच्या गच्चीवरचे पापड वाळतील इतका वेळ घेतला. मी मनात म्हटलं, जो माणूस एका वड्याबद्दल इतकं बोलू शकतो, त्याच्या घरात आपण मुकं राहणार नाही. खाली येऊन होकार दिला.

वडा सोडून तो काहीच बोलत नाही, हे कळायला लग्न करावं लागलं.

*

लग्न मंगेशच्या गावाला झालं. मंडप आणि साऊंड अर्थातच भास्करभाऊंचा. मी मामाचा हात धरून मंडपात शिरणार, तेवढ्यात स्पीकरमधून करर्र… करर्र… कच्च… असा आवाज सुरू झाला. वऱ्हाडातली पोरं कानात बोटं घालायला लागली. हे चौघं मात्र एका कोपऱ्यात डोळे मिटून उभे. मित्राच्या बायकोला त्यांनी ‘गंज’मधल्या सगळ्यांत प्रेमळ गाण्यावर मंडपात आणायचं ठरवलं होतं, हे मला नंतर कळलं.

माझ्या मामाला ते कसं कळणार? तो मला तसंच सोडून तडक साऊंडकडं गेला. “अहो मिस्त्री, त्ये करकरतंय बगा जरा.”

भाऊ शांतपणे म्हणाले, “पावनं, बिजागऱ्या हायत त्या. मुद्दाम वाजवल्यात.”

“मग त्याल घाला की!”

भाऊ आजही म्हणतात की एझ्राच्या संगीतावर इतकी नेमकी टीका कुणी केली नाही.

*

रविवारच्या बैठकीचे नियम आहेत. एक अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये बोलायचं नाही, फोन बघायचा नाही, उठायचं नाही. संपल्यावर चहा, आणि मग भांडण.

ही बैठक लग्नाआधीपासून याच हॉलमध्ये भरते. त्यामुळं सोफ्यावर कोण कुठं बसणार हे माझ्या येण्याआधीच ठरलेलं. मी कुठं बसायचं याचा नियम केलेला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. तिथून ऐकू चांगलं येतं.

नवा, एका बोटाचा अल्बम लागला त्या दिवशी मी आमटीचा कुकर लावून विसरले होते. गाणं अगदी हळू, एकेक सूर थेंबासारखा पडतोय, आणि बरोबर त्या शांततेत कुकरनं शिट्टी दिली. लांब, एकच. मी गॅसकडं धावले. परत येऊन बघते तर चौघं माना डोलावतायत. सुनीलच्या डोळ्यांत पाणी.

चहाच्या वेळी विषय तोच. म्हाताऱ्यानं शिट्टी काय ठिकाणी टाकली! भाऊ म्हणाले, “सत्तरीला टेकला, पन अजून ताजा हाय रं.” सुनीलच्या मते ती घाटातून खाली जाणाऱ्या गाडीची शिट्टी होती, माणूस आयुष्याचा निरोप घेतोय अशा अर्थानं.

पुढच्या रविवारी त्यांनी तोच अल्बम पुन्हा लावला. शिट्टी आली नाही. पुन्हा मागं घेतलं, पुन्हा नाही. नरेश भयंकर चिडला. कंपनीवाल्यांनी आठवड्याभरात गाणं कापलं म्हणून त्यानं फोनवरून एक लांबलचक तक्रारही लिहिली.

मी चहाचे कप गोळा केले. एझ्राच्या इतक्या मोठ्या कारकिर्दीत माझी तेवढीच एक एन्ट्री.

*

एझ्राचा वाढदिवस हे लोक केक आणून करतात. मेणबत्ती भाऊ विझवतात, वयाचा मान म्हणून. एक तुकडा म्हाताऱ्याच्या नावानं बाजूला काढतात आणि माझ्या फ्रिजमध्ये ठेवतात. तो कुणी खायचा नाही. दर वर्षी तसाच वाळून जातो, असं मंगेशनं मला अभिमानानं सांगितलं.

या वर्षी मी तो मंगळवारी दुपारी खाल्ला. त्या मंगळवारी माझा वाढदिवस होता, त्यामुळं तो वाया गेला नाही.

रविवारी नरेशनं फ्रिज उघडून बघितला आणि म्हणाला, “वैनी, टाकला वाटतं?” मी मान हलवली. त्याच्याच फोनमध्ये माझा नंबर ‘मंगेश चहा’ या नावानं सेव्ह आहे, म्हणजे बैठकीला निघताना कळवायला. नाव वाईट नाही. पण ते वाचून मला फोन करणारा माणूस मला काय विचारेल, ते आधीच ठरून जातं.

*

आता ‘तिसरा मजला’.

हा अल्बम आला तेव्हा मंगेश शाळेत होता. कंपनी लगेच बंद पडली आणि कॅसेट बाजारातून गेली. कर्जतमध्ये ती एकाच माणसाला मिळाली होती. त्यानं भास्करभाऊंच्या दुकानात डेक दुरुस्तीला आणला तेव्हा ती डेकमध्येच होती. भाऊंनी रातोरात तिची कॉपी केली. त्या कॉपीवरून बाकी तिघांच्या कॉप्या झाल्या. एझ्राचा ‘तिसरा मजला’ म्हणजे या चौघांसाठी ती कॉपी.

तिच्यातलं शेवटचं गाणं ‘जिना’. एक माणूस कामावरून घरी येतोय, जिना चढतोय. पायरीपायरीला एझ्राचा आवाज बारीक होत जातो. शेवटी तो म्हणतो, “वर पोचलो तर दाराशी”, आणि गाणं तुटतं. सूर नाही, श्वास नाही. खट्.

या ‘खट्’वर या माणसांनी तारुण्य काढलंय. दाराशी काय होतं? भाऊ म्हणतात मरण. सुनील म्हणतो कुणीच नव्हतं, म्हणून तर शब्द नाही. नरेश म्हणतो पोलीस. मंगेशचं म्हणणं, काय होतं हा प्रश्नच चुकीचा. “म्हणायचं तेवढं म्हणायचं आणि थांबायचं. बाकी ऐकणाऱ्यानं. हे फक्त एझ्रालाच जमतं.”

एझ्रालाच नाही, मंगेशलाही जमतं. तो घरात असाच बोलतो. “आज ऑफिसमध्ये जरा…” “रविवारी जमलं तर आपण…” लग्नाला महिना झाल्यावर एकदा त्यानं दारात चपला घालता घालता विचारलं, “तुला इथं करमतंय ना, की…” आणि गेला. मी तिथंच उभी. बाकीचं ऐकणाऱ्यानं.

*

एझ्राच्या मुलीनं मध्यंतरी त्याचे सगळे जुने अल्बम नेटवर टाकले. त्या रविवारी बैठकीत ठराव झाला की ‘तिसरा मजला’ नेटवर कुणी ऐकायचा नाही. तो फक्त कॅसेटवर. ठराव मांडला भाऊंनी, आणि तो इतक्या पटकन मंजूर झाला की मला नवल वाटलं. कारण ही माणसं चहात आलं घालायचं की नाही यावरही मतदान घेतात.

मी काही बैठकीची सभासद नव्हते. एका दुपारी भांडी आवरून, ओटा पुसून मी फोनवर ‘जिना’ लावला. माणूस चढला, आवाज बारीक झाला. “वर पोचलो तर दाराशी”

“माझीच चप्पल.”

गाणं पुढं गेलं! मी फोन उचलून कानाशी धरला. वर पोचलो तर दाराशी माझीच चप्पल. म्हणजे हा घरी आधीच आलेला आहे, आत आहे. मग तो स्वतःच्याच दारावर टकटक करतो. आतून कुणीतरी ‘कोण’ म्हणून विचारतं, आवाज त्याचाच, आणि त्याला आपलं नाव आठवत नाही. पुढचं कितीतरी गाणं म्हणजे नुसती टकटक आणि आत कुठंतरी बादलीत गळणारा नळ. शेवटी दार उघडतं, तेवढ्यात संपतं.

मला रडू आलं. कशाचं ते नेमकं सांगता येणार नाही. पण या गावात आल्यापासून कुणीतरी पहिल्यांदाच माझ्याबद्दल बोललं होतं, असं वाटलं.

संध्याकाळची मी वाट बघत राहिले. मंगेश आला, पाणी प्यायला. मी म्हटलं, “अहो, आज मी ‘जिना’…” तो लगेच म्हणाला, “नेटवर नाही ना ऐकलास? तो आपण फक्त कॅसेटवर…” आणि आंघोळीला गेला.

मग मीपण वाक्य तिथंच सोडलं. मला ते येत नाही असं नाही.

*

पुढच्या रविवारी नरेश लवकर आला. बाकी कुणी नव्हतं, मंगेश दूध आणायला खाली गेलेला. नरेश स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. माझी जागा असल्यामुळं मी आत सरकले.

“वैनी, एक सांगू का? कुणाला बोलू नका.”

कारखान्याच्या बसमध्ये बसल्या बसल्या त्यानं ‘जिना’ नेटवर ऐकला होता. पूर्ण. म्हणे बस खोपोलीच्या पुढं आली, त्याचा स्टॉप गेला, तरी तो उतरला नाही. त्याला सांगायचं होतं की पोलीस नव्हते तिथं. इतकी वर्षं तो पोलीस पोलीस म्हणून भांडला. “पन हे मंगेशला कळता कामा नये. त्याचा जीव हाय त्या तुटन्यात. भाऊ तर या वयात… नकोच.”

मी म्हटलं, नाही सांगणार. तो हलका होऊन सोफ्यावर जाऊन बसला. त्या दिवशी चहाच्या वेळी पोलिसांच्या बाजूनं तो नेहमीपेक्षा जोरात भांडला.

*

सुनीलनं मला भाजी मार्केटमध्ये गाठलं. ड्युटीचा डबा हातात, डोळे तांबारलेले. आधी वालाच्या शेंगांचा भाव बोलला. मग म्हणाला, लोणावळ्याला विश्रांतीच्या खोलीत हेडफोन घालून पडला होता आणि चुकून लागलं. ‘चुकून’ हा शब्द त्यानं दोनदा वापरला.

गाड्या वर पोचवून बँकर रिकामे खाली येतात. त्या उतारावर त्याला आता रोज ती टकटक ऐकू येते, म्हणाला. रुळांच्या आवाजातच. “वैनी, आमी गाडी वर नेतो, सुटतो, परत खाली. कोन आलं कोन गेलं, आमाला कदी कुनी बघत नाय. त्या गान्यातल्या मानसासारखं.” इतकं लांब वाक्य सुनीलच्या तोंडून बैठकीतही कुणी ऐकलं नसेल. मग नेहमीचं: “भाऊंना कळू देऊ नका. नरेशला तर बिलकूल नको, तो पचवू शकनार नाय.”

मी शेंगा घेतल्या. पिशवी त्यानं घरापर्यंत आणून दिली आणि वर न येता गेला.

*

भास्करभाऊंचं मला सगळ्यांत उशिरा कळलं, आणि ते सगळ्यांत जुनं निघालं.

आमचा मिक्सर दुरुस्तीला टाकला होता तो आणायला मी दुकानात गेले. भाऊ एकटेच. माईकच्या वायरी गुंडाळत होते. मिक्सर दिला, चालवून दाखवला, आणि मग म्हणाले, “बस गं जरा.” त्या दिवशी वैनी नाही म्हणाले.

“कापी केली तवा दुकानात साठ मिनिटांचीच कॅसेट होती. नव्वदच्या संपलेल्या. अल्बम साठहून मोठा. शेवटाला टेप संपली नि खट् झालं. मूळ गानं मी तवाच ऐकलं, पुरतं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कॅसेट घेऊन गेला.”

मी विचारलं, मग पोरांना का नाही सांगितलं?

“सांगनार होतो. पन ही पोरं दुकानात येऊन त्या खट्वर भांडाय लागली. रोज यायची. शाळा सुटली की यायची, पुडं नोकरीवरनं यायची. बायको गेली माजी, त्या वर्साला पन ही येत व्हती. दाराशी काय व्हतं, दाराशी काय व्हतं.” भाऊंनी वायरीला गाठ मारली. “दाराशी चप्पल व्हती म्हनून सांगितलं असतं, तर उद्यापास्नं कशाला आली असती?”

मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाले, “तू बोलत नायस, म्हनून बोललो.”

मिक्सर घेऊन मी पुलावरून घरी आले. खाली नदीत कुणीतरी गाडी धूत होतं. चौघांतले तिघं मला आपापल्या जागी भेटून, आपापला दरवाजा उघडून दाखवून गेले होते, आणि प्रत्येकजण दुसऱ्यांना जपत होता. मी त्यांचं सगळं ऐकलं होतं. माझा ‘जिना’ कुणी विचारला नव्हता. मीही ऐकला असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

*

राहिला मंगेश.

एका सकाळी मी पोळ्या लाटत होते. तो बाथरूममध्ये. आतून गुणगुण येत होती, ‘जिना’चीच. वर पोचलो तर दाराशी… मी लाटणं थांबवलं. खट् झालं नाही. सूर पुढं सरकला. माझीच चप्पल. आणि मग बादलीवर बोटांनी टकटक, बरोबर त्याच ठेक्यात.

मग एकदम सगळं बंद. त्याच्या लक्षात आलं असावं.

तो बाहेर आला तेव्हा मी पोळी उलटत होते. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. तो म्हणाला, “तू आत्ता काही…” मी वाट बघितली. अगदी खरंच वाट बघितली, पोळी फुगून खाली बसली तोपर्यंत. त्यानं डबा उचलला आणि गेला.

त्या दिवशी मला नरेशचं पहिलं वाक्य आठवलं आणि पहिल्यांदा त्याचा राग आला नाही. मला इथं कुणी नव्हतं हे खरं. पण यांना तरी कुठं कोण होतं? पाच माणसं, एकच गाणं, आणि पाच बंद खोल्यांत बसून ऐकलेलं.

*

थंडी पडली की ही मंडळी आमच्या गावच्या शेतात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कांदे-बटाटे, अंडी भरायची. मडकं जमिनीवर पालथं ठेवायचं, वरून पेंढा-लाकडं रचून पेटवायचं. किती वेळ ठेवायचं यावर गावात घरागणिक वेगळं मत. यांचं मत पक्कं. कॅसेटची बी साईड लावायची, पोपटी पेटवायची, ‘जिना’ तुटला की मडकं काढायचं. इतक्या वर्षांत एकदाही कच्ची राहिली नाही आणि एकदाही करपली नाही, असं भाऊ सांगतात.

या वर्षी मीही होते. भात कापलेला, शेत मोकळं, डोंगरामागं ऊन उतरत होतं. भाऊंनी बॅटरीवरचा टेप आणला होता. शेकोटीच्या एका अंगाला चटई, तिच्यावर चौघं, पाय पसरून. सासूबाई घरी बाजरीच्या भाकरी करत होत्या. मी मीठ आणि पाण्याची बाटली घेऊन आले होते आणि मडक्याच्या पलीकडं उभी होते.

निघताना बातमी कळली होती. एझ्राच्या मुलीनं लिहिलं होतं की बाबांचं ते एक बोटही आता चालत नाही, यापुढं अल्बम येणार नाही. वाटेत नरेशनं एकदा “म्हातारा काहीतरी शोधंल” म्हणून बघितलं, पण त्याला कुणी साथ दिली नाही.

भाऊंनी बी साईड लावली. नियमाप्रमाणं सगळे गप्प. पाला तडतडत होता, ओव्याच्या वासासारखा धूर येत होता. गाण्यामागून गाणं गेलं आणि ‘जिना’ लागला. माणूस चढायला लागला. मी चौघांची तोंडं बघत होते. भाऊ विस्तवाकडं, सुनील जमिनीकडं, नरेश कुठंतरी डोंगराकडं, मंगेश स्वतःच्या हातांकडं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

“वर पोचलो तर दाराशी”

खट्.

टेप थांबला. आणि मला दिसलं, सुनीलची तर्जनी गुडघ्यावर हलतेय. टक, टक. नरेशचे ओठ हलले आणि मिटले. भाऊ खाली मान घालून बसलेले. मंगेशनं डोळे मिटून घेतले होते, आणि त्याचं बोट चटईवर सुनीलच्याच ठेक्यात वाजत होतं. गाणं चौघांच्या आत चालू होतं आणि बाहेर कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

मग भाऊंनी घसा खाकरला. “मरनच व्हतं दाराशी. मी सांगतो.”

“पोलीस,” नरेश म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

“कुनीच नव्हतं,” सुनील म्हणाला.

मंगेश म्हणाला, “काय होतं हा प्रश्नच…”

भाऊ मडकं काढायला काठी घेऊन उठायला लागले. मी बाटली खाली ठेवली. माझ्या खिशात फोन होता, तो काढला, गाणं शोधलं आणि मडक्याला वळसा घालून चटईपाशी गेले. चौघंही वर बघायला लागले. मंगेश म्हणाला, “काय झालं, तुला काही…”

मी म्हटलं, “मडकं राहू दे, भाऊ. पुढचं तुम्ही चौघांनीही ऐकलंय, एकेकट्यानं. मीपण. आता सरका जरा, मला बसू द्या. लावतेय मी. पोपटी करपली तर करपू दे.”